रंगावरच्या सुरकुत्या आणि बेदाण्यावरच्या वळ्या

सांगलीत अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने तीन प्रश्न लिहून पाठवले आहेत. त्याच्या घरचे तासगाव तालुक्यात बेदाण्याचे शेड आहे. या हंगामात शेडच्या लोखंडी फाटकाला त्यांनी ऑइल पेंट मारला आणि दुसऱ्याच दिवशी फाटकाच्या खालच्या कडेला व बिजागऱ्यांपाशी रंगाला बारीक सुरकुत्या पडल्या. त्याचा पहिला प्रश्न असा, की रंग नवा व चांगल्या प्रतीचा असताना हे का झाले. दुसरा प्रश्न असा, की फाटकावरच्या सुरकुत्या आणि आत रॅकवर वाळणाऱ्या मण्यांच्या सुरकुत्या यांचे कारण एकच आहे का. तिसरा प्रश्न मला सर्वांत आवडला : बेदाणा पाण्यात टाकला की पुन्हा फुगून गुळगुळीत होतो, मग रंग का होत नाही?

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत रंग आणि लेपन यांच्या कामात माझी तीस वर्षे गेली आहेत, त्यामुळे फाटकाबद्दल मी अनुभवाने बोलू शकतो. बेदाण्याबद्दलचे माझे ज्ञान शेडवर उभे राहून पाहिलेल्या माणसाचे आहे, पण तेथील यांत्रिकी तीच असल्यामुळे तिथेही बोलण्याचे धाडस करतो.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. आपल्या भाषेत कापडाच्या संदर्भात चुणी, निरी, वळी, घडी असे वेगवेगळे शब्द आहेत आणि घरातली कोणतीही बाई त्यांत गल्लत करत नाही. रंगकामात मात्र आम्ही सरसकट ‘सुरकुती’ म्हणून मोकळे होतो, आणि तिथेच कारण शोधण्यात चूक होते. या उत्तरापुरते मी असे धरतो : एकसारख्या अंतराने येणाऱ्या उथळ लाटांना सुरकुत्या म्हणू, जिथे बरेचसे जादा पृष्ठ एकाच जागी गोळा होऊन आत दुमडते तिला घडी म्हणू, आणि वर वेगळी कडक साल नसतानाही मऊ पदार्थाच्या पृष्ठभागावर जी तीक्ष्ण दुमड पडते तिला खाच म्हणू. तिन्ही दिसायला जवळच्या असल्या तरी त्या वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या कारणांनी येतात.

सुरकुतीला दोन गोष्टी लागतात. वर पातळ पण तुलनेने ताठर असा थर हवा, आणि खाली त्याला चिकटलेला मऊ पाया हवा. मग कोणत्याही कारणाने वरच्या थराला पायापेक्षा जास्त जागेची गरज पडली, म्हणजे थर फुगला किंवा पाया आकसला, की थर आडव्या दाबाखाली येतो. मोजपट्टी दोन्ही टोकांनी दाबली की ती आधी सरळ राहते आणि मग अचानक बाजूला वाकते. हे गणित ऑयलर या गणितज्ञाने 1744 मध्ये मांडले. मोकळी पट्टी एकाच मोठ्या कमानीत वाकते, कारण तसे वाकायला तिला सर्वांत कमी कष्ट पडतात. पण थर मऊ पायाला चिकटलेला असेल, तर एवढी मोठी कमान करण्यासाठी त्याला पाया खोलवर ओढावा आणि ढकलावा लागतो, आणि ते महाग पडते. उलट, अगदी बारीक लाटा केल्या तर पाया फारसा हलत नाही, पण थराला जागोजागी करकचून वाकावे लागते, आणि तेही महाग पडते. तेवढीच जादा लांबी सामावायची असेल, तर लाटेची रुंदी निम्मी केल्यावर वाकण्याचा खर्च चौपट होतो आणि पाया हलवण्याचा खर्च निम्मा होतो. या दोन खर्चांची बेरीज जिथे सर्वांत कमी, ती रुंदी निसर्ग निवडतो.

या निवडीचे सूत्र फार सोपे आहे. थराचा ताठरपणा पायाच्या ताठरपणाच्या किती पट आहे ते काढा, त्याला तीनने भागा, त्याचे घनमूळ घ्या, आणि त्याला 6.28 ने व थराच्या जाडीने गुणा. आलेला आकडा म्हणजे एका सुरकुतीपासून दुसरीपर्यंतचे अंतर. थर पायाच्या हजारपट ताठर असेल तर हे अंतर जाडीच्या सुमारे 44 पट येते, शंभरपट असेल तर सुमारे 20 पट, आणि दहापटच असेल तर सुमारे 9 पट. घनमूळामुळे ताठरपणातला फरक इथे बराच बोथट होतो : ताठरपणा शंभरपटीने बदलला, तरी रुंदी साडेचार पटींच्या थोडीच पुढे जाते. जाडीचे तसे नाही. जाडी दुप्पट तर रुंदी सरळ दुप्पट. म्हणून सुरकुती किती रुंद आहे यावरून मुख्यतः सालीची, म्हणजे वरच्या थराची, जाडी कळते. किती दाब पडला हे रुंदीवरून कळत नाही, ते खोलीवरून कळते. हा एक मुद्दा पक्का ध्यानात ठेवला तर पुढचे सगळे सोपे आहे. आणि माझ्या अनुभवात नव्या पोरांकडून हाच मुद्दा सर्वांत जास्त सुटतो, कारण मोठी सुरकुती म्हणजे मोठा दाब असे त्यांना वाटते.

सुरकुती पडण्यासाठी किती आकुंचन लागते, हेही याच गणितातून निघते. हजारपट फरक असेल तर केवळ अर्धा टक्का आकुंचन पुरते. शंभरपट फरकाला सुमारे अडीच टक्के लागतात, आणि दहापट फरकाला अकरा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे साल जितकी कडक आणि पाया जितका लिबलिबीत, तितके निमित्त लहान पुरते. 1998 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी गरम करून प्रसरण पावलेल्या सिलिकॉन रबरावर सोन्याचा अतिशय पातळ थर चढवला आणि रबर थंड होऊ दिले. रबर आकसले, सोने तितके आकसले नाही, आणि पृष्ठभागावर 20 ते 50 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अंतराच्या सुबक लाटा उमटल्या. पुढे हेच उलटे वापरून, लाटांचे अंतर मोजून पातळ थराचा ताठरपणा काढण्याची पद्धतही रूढ झाली.

आता फाटकाकडे येतो. आपण ज्याला ऑइल पेंट म्हणतो तो बहुधा अल्काइड इनॅमल असतो, आणि तो दोन टप्प्यांत वाळतो. आधी द्रावक, म्हणजे टर्पेंटाइन, उडून जाते, मग उरलेले राळयुक्त तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. ऑक्सिजन वरून आत जातो, खालून येत नाही. त्यामुळे थर जाड असेल तर वर साय धरते आणि खाली रंग ओलाच राहतो. रंगात घातलेल्या ड्रायरमध्ये, म्हणजे रंग लवकर वाळवणाऱ्या रसायनात, कोबाल्ट असते, ते मुख्यतः पृष्ठभाग वाळवते. आतपर्यंत वाळवण्यासाठी झिर्कोनियम, कॅल्शियम यांसारखे दुसरे ड्रायर सोबत असतात. या दोहोंचा तोल कारखान्यात साधलेला असतो, पण तो ठरावीक जाडीसाठी. वरची साय धरल्यानंतर ती आणखी ऑक्सिजन घेते आणि खालच्या ओल्या रंगातले द्रावक शोषून फुगते. फुगलेल्या सायीला पसरायला जागा हवी, पण कडांना ती अडकलेली असते. मग ती दाबाखाली येते, आणि खाली पाया म्हणावा तर दाट मधासारखा द्रव. याच अवस्थेत सुरकुत्या पडतात. पाया द्रव असल्यामुळे वर दिलेले सूत्र इथे जसेच्या तसे लागू होत नाही. द्रवाला बाजूला सरायला वेळ लागतो, आणि लाटेची रुंदी ओल्या थराची खोली व फुगण्याचा वेग यांवरही ठरते. पण कल मात्र तोच राहतो : जाड थरावर रुंद सुरकुत्या, पातळ थरावर बारीक किंवा मुळीच नाहीत.

म्हणूनच सुरकुत्या तुमच्या फाटकाच्या मधल्या पत्र्यावर आल्या नाहीत. ब्रशने मारलेला रंग ओघळून खालच्या कडेला, वेल्डिंगच्या खोबणीत आणि बिजागरीच्या फटीत साठतो. तिथे त्याची जाडी दुप्पट-तिप्पट होते. भिंग घेऊन कडेपासून वर पाहत या. सुरकुत्या खाली रुंद असतील, वर बारीक होत जातील आणि एका रेषेवर संपतील. ती रेषा म्हणजे तुमच्या रंगाने सहन केलेल्या जाडीची हद्द.

हे मला शिकवले माझ्याच चुकीने. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, एप्रिलमध्ये, एका साखर कारखान्यासाठी केलेल्या मळीच्या टाकीचे रंगकाम माझ्याकडे होते. संध्याकाळी ट्रक येणार होता, म्हणून मी एकाच हातात जाड कोट मारायला सांगितला आणि लवकर वाळावे म्हणून रंगात वरून कोबाल्ट ड्रायर ओतला. टाकी उघड्यावर, दुपारचे ऊन. तीन वाजता बोट लावून पाहिले तर कोरडे. साडेचार वाजता टाकीच्या खालच्या तिसऱ्या भागाला हत्तीची कातडी चढली होती. मुकादमाने नख खुपसून दाखवले, तर सायीखालून ताजा रंग बाहेर आला. ट्रक रिकामा परत गेला, आणि पुढचे चार दिवस आम्ही ते खरवडत होतो. साय लवकर धरणे आणि रंग वाळणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे त्यानंतर मला कोणी सांगावे लागले नाही.

दुसऱ्या एका प्रकारात पहिला कोट व्यवस्थित असतो आणि सुरकुत्या दुसऱ्या कोटानंतर येतात. पहिला कोट अर्धवट वाळलेला असताना त्यावर जहाल थिनर मिसळलेला रंग मारला, की ते थिनर खालच्या कोटात शिरून त्याला फुगवते आणि तो पत्र्यापासून उचलला जातो. यंत्रणा तीच, फक्त फुगण्याचे निमित्त वरून येते. हळद किंवा बेदाण्याच्या पाकिटांच्या दोनपदरी फिल्ममध्ये जे बोगदे पडतात तेही याच कुळातले : एक पदर जास्त ताणून चिकटवला, गोंद पुरता धरण्याआधी ताण सुटला, तो पदर आकसला, आणि दुसऱ्या पदराला जादा लांबी कुठे ठेवावी ते कळेना. तिथे रंग किंवा शाई तपासत बसू नये, रिळांचा ताण तपासावा.

आणि एक गंमत. हा दोष मुद्दाम घडवून आणणारे रंगही आहेत. जुने टाइपरायटर, कॅमेरे, मोजमापाची उपकरणे यांच्यावर जो खरबरीत काळा लेप दिसतो, तो सुरकुतीचाच. त्यासाठी लवकर साय धरणारे तुंग तेल वापरत आणि कोट हिशेबाने जाड देत. ओतीव भागावरचे खड्डे त्यात झाकले जात.

आता रॅकवर जाऊ. द्राक्षाचा मणी म्हणजे पातळ, चिवट साल आणि आत पाणी भरलेला मऊ गर. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवल्याने सालीवरचा मेणचट थर मोकळा होतो आणि पाणी लवकर बाहेर पडते. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. बेदाण्याची घनता द्राक्षापेक्षा जास्त, म्हणून आकारमान चौथ्या हिश्शापेक्षाही कमी, जवळपास पाचव्या हिश्शावर येते. पाचवा हिस्सा आकारमानाच्या गुळगुळीत गोळ्याला किती साल लागेल याचा हिशेब केला, तर उत्तर मूळ सालीच्या साधारण एक-तृतीयांश येते. म्हणजे साल गरजेच्या तिप्पट झाली. ती स्वतःही वाळून आकसते, त्यामुळे प्रत्यक्षात जादा साल तिपटीपेक्षा कमी असते, पण तरीही ती अर्ध्या किंवा अडीच टक्क्यांच्या हिशेबात मावणारी नाही. फाटकावर साल फुगली आणि पाया जागेवर राहिला. रॅकवर साल जवळजवळ जागेवर राहिली आणि पाया खालून निघून गेला. दाबाच्या दृष्टीने दोन्ही एकच. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ‘होय’ असे आहे, पण बेदाण्याची गोष्ट सुरकुतीपाशी थांबत नाही.

एकच मणी खुणेचा धागा बांधून रोज पाहिला तर हे नीट दिसते. आधी तो फक्त मऊ पडतो आणि एखाद्या बाजूने चपटतो. मग देठाच्या टोकापाशी बारीक चुण्या येतात, कारण तिथे साल बांधलेली असते. नंतर सगळ्या अंगावर उथळ, साधारण सारख्या अंतराच्या सुरकुत्या पसरतात. लांबट जातीच्या मण्यावर त्या बहुतेक उभ्या, म्हणजे लांबीच्या दिशेने असतात, कारण आडव्या घेराची वक्रता जास्त असल्याने साल त्या घेराभोवती गोळा होणे सोपे जाते. इथवर आपले सूत्र चालते. पुढे मात्र शेजारशेजारच्या दोन दऱ्यांतील एक खोल होऊ लागते आणि दुसरी भरून येते. लवचीक पायावरच्या पातळ थरात हे आकुंचन सुमारे वीस टक्क्यांच्या पुढे गेल्यावर घडते, असे प्रयोगांत दिसले आहे. कारण असे, की लहान लाटांना पाया वर ओढणे आणि खाली दाबणे सारखेच असते, मोठ्या लाटांना तसे राहत नाही; मग सगळ्यांनी थोडे थोडे वाकण्यापेक्षा काहींनी खूप वाकणे स्वस्त पडते. शेवटी दहा सुरकुत्यांच्या जागी तीन-चार खोल घड्या राहतात, आणि त्यांच्या काठांवर जुन्या बारीक सुरकुत्यांचे अवशेष दिसतात. हातातला बेदाणा उजेडात फिरवून पाहा. दोन आकारांच्या रेषा वेगळ्या ओळखू येतात.

सुरकुतीची घडी होणे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर तासगावलाही जायला नको. पसरट पातेल्यात तापवलेले दूध निवू द्या, पातळ साय धरली की चमच्याच्या पाठीने ती एका बाजूने अगदी हळू ढकला. आधी चमच्यासमोर बारीक, समांतर रेघा उमटतात. आणखी थोडे ढकलले की त्यांतली एक रेघ अचानक खाली बुडते, बाकीच्या सपाट होतात, आणि त्यानंतरची सगळी साय त्या एकाच घडीत शिरत जाते. इथे पाया लवचीक नाही, द्रव आहे. लाट मोठी होऊ नये हे काम गुरुत्वाकर्षण करते, कारण दूध वर उचलायला कष्ट पडतात. 2008 मध्ये पाण्यावर तरंगणाऱ्या पॉलिएस्टरच्या फिल्मवर हाच प्रयोग मोजून केला गेला, आणि ढकललेले अंतर एका सुरकुतीच्या रुंदीच्या साधारण एक-तृतीयांशाच्या पुढे गेले की सुरकुत्यांची जागा घडी घेते, असे आढळले. फिल्म जाड असो वा पातळ, हे प्रमाण बदलले नाही.

वर साल नसेल तर काय होते, याचे उत्तर खोडरबराला विचारावे. मऊ खोडरबर घेऊन दोन बोटांनी जोराने वाकवा आणि आतली, दाबली गेलेली बाजू पाहा. बराच वेळ काही होत नाही, मग एकदम तीक्ष्ण खाचा उमटतात. मोरिस बियो या शास्त्रज्ञांनी 1960 च्या दशकात गणित करून दाखवले, की रबराचा पृष्ठभाग सुमारे 46 टक्के दाबल्यावर अस्थिर व्हावा. प्रत्यक्षात 1999 मध्ये रबराचे ठोकळे वाकवून पाहिले तेव्हा खाचा 35 टक्क्यांनाच पडल्या. बियो यांचे गणित चुकले नव्हते. त्यांनी हळूहळू वाढणारी गुळगुळीत लाट गृहीत धरली होती, आणि खाच ही तशी वाढतच नाही, ती एका बिंदूपाशी थेट दुमडूनच जन्मते. ज्यांना रबराच्या अस्तराचे काम करायचे आहे त्यांनी हा 35 चा आकडा पाठ करावा, कारण कोपऱ्यातल्या अस्तराला भेगा पुढे याच खाचांतून फुटतात.

याच बियो यांनी खडकांच्या थरांवरही काम केले होते. कडक थर मऊ थरांत दाबला गेला की लाखो वर्षांत त्याला जाडीच्या हिशेबाने वळ्या पडतात, हे त्यांनी मांडले. हिमालयातल्या वळ्या पाहून आलेले लोक साताऱ्यात विचारतात, की अजिंक्यताऱ्याच्या कड्यात तसे काही का नाही. तिथे बेसाल्टचे थर आहेत, पण त्यांना आडवा दाब असा मिळालाच नाही, म्हणून ते पायऱ्यांसारखे आडवेच राहिले. थर असणे पुरेसे नसते.

एक गैरसमज मात्र इथे दूर करतो, कारण हा विषय निघाला की कोणीतरी तो उदाहरण म्हणून सांगतेच. पाण्यात बराच वेळ राहिल्यावर बोटांना पडणाऱ्या सुरकुत्या केवळ कातडी पाणी पिऊन फुगल्यामुळे पडत नाहीत. बोटाच्या मज्जातंतूला इजा झालेली असेल तर त्या पडतच नाहीत, हे 1930 च्या दशकापासून माहीत आहे. मज्जातंतूंच्या आज्ञेने आतल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, पेराचे आकारमान घटते, आणि वरची कातडी जादा होते. म्हणजे बोट फाटकाच्या बाजूचे नाही, बेदाण्याच्या बाजूचे आहे.

राहिला तिसरा प्रश्न. बेदाणा रात्रभर पाण्यात ठेवला तर गरातल्या साखरेमुळे पाणी सालीतून आत शिरते, पाया परत येतो, आणि सालीला पुन्हा जागा मिळते. सुरकुत्या आधी जातात, घड्या शेवटी उघडतात. पण सकाळी फुगलेला मणी नीट पाहिलात तर घडी होती तिथे फिकट रेघ राहिलेली दिसेल, कारण तिथली साल वाकलेल्या स्थितीतच बराच काळ वाळली होती. रंगाच्या बाबतीत हा ‘बराच काळ’ म्हणजेच सगळे काही आहे. सुरकुती पडल्यावरही साय ऑक्सिजन घेतच राहते आणि तिच्या रेणूंच्या साखळ्या वाकलेल्या आकारातच एकमेकींना कायमच्या जोडल्या जातात. पहिल्या तास-दोन तासांत तो भाग पुसून काढता येतो. दुसऱ्या दिवशी त्या सायीचा मूळ आकारच सुरकुतलेला झालेला असतो, तिला परत सपाट व्हायचे कारण उरत नाही. वरून दुसरा कोट मारून ती झाकण्याचा मोह होईल, तो टाळा. खालचा ओला रंग कोंडला जाईल आणि नव्या कोटातले द्रावक जुन्या सायीला पुन्हा फुगवेल.

तुमच्या फाटकासाठी माझा सल्ला असा. नख रुतत नाही इतका रंग आतपर्यंत वाळू द्या; कडेच्या जाड भागाला त्यासाठी आठवडा-दोन आठवडे लागू शकतात. मग सुरकुतलेला भाग पत्र्यापर्यंत खरवडून काढा, पॉलिश पेपर मारा, उघड्या पत्र्याला प्रायमर द्या, आणि दोन पातळ कोट मारा. वाळल्यावर प्रत्येकी 30 ते 40 मायक्रॉन भरतील एवढेच. दोन कोटांमधला वेळ डब्यावर लिहिलेला असतो, तो पाळा. काम सकाळी लवकर सुरू करा, म्हणजे साय धरण्याच्या वेळी ऊन थेट पत्र्यावर नसेल. आणि प्रत्येक कोट मारून झाल्यावर दहा मिनिटांनी कोरडा ब्रश घेऊन खालच्या कडेवरून, बिजागऱ्यांवरून एकदा फिरवा, म्हणजे तिथे साठलेला ओघळ निघून जाईल.